फ्रिजमधलं पाकीट आणि मार्गारेट

मे महिन्यात माझी भाची अमेरिकेहून आली. माझ्या भावाची मुलगी, लग्नाला चार वर्षं झालेली, न्यू जर्सीला नोकरी करते. आल्या आल्या तिनं पर्समधून एक चपटं, चंदेरी पाकीट काढलं आणि आमच्या फ्रिजच्या दारात, कैरीच्या लोणच्याच्या बरणीमागे ठेवून दिलं. आमच्याकडे मे महिन्यात घरात बसूनही अंगाची काहिली होते, तेव्हा औषध असेल म्हणून मी काही विचारलं नाही. पण सासूबाईंच्या नजरेतून काय सुटतं? दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पोरीला एवढ्या लहान वयात साखर निघाली की काय!

रात्री गच्चीवर गाद्या टाकल्यावर मी भाचीला विचारलं, तर ती हसायलाच लागली. आत्या, ती माझी रिंग आहे, असं सांगून तिनं सगळं समजावलं. बांगडीसारखी गोल, पण लहान मुलीच्या बांगडीएवढी. साधारण साडेपाच सेंटिमीटर रुंद, मऊ, पारदर्शक, दोन बोटांत दाबली की चपटी होणारी. बाईनं ती स्वतःच्या हातानं योनीमार्गात सरकवायची, तीन आठवडे तशीच राहू द्यायची, मग स्वतःच काढून टाकायची. चौथ्या आठवड्यात पाळीसारखा रक्तस्राव होतो. सात दिवस झाले की नवी रिंग. गर्भनिरोधक गोळीत असतात त्याच जातीची दोन संप्रेरकं तिच्यातून थोडी थोडी झिरपतात आणि बीज बाहेर पडू देत नाहीत. रोज आठवणीनं गोळी घ्यायची कटकट नाही. दुकानातून घेतल्यावर ती चार महिने घरात साध्या जागी राहते, पण आमच्या उन्हाळ्याची तिला धास्ती वाटली, म्हणून फ्रिजमध्ये.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला आधी लाजल्यासारखं झालं आणि मग हेवा वाटला. माझ्या धाकटीच्या वेळी काय झालं ते आठवलं. बाळंतपण झालं, दुसरीही मुलगीच, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून मोठ्या माणसांनी ठरवलं की आता एकदाच ऑपरेशन उरकून टाकू. कागद माझ्यासमोर आला, मी सही केली. मला तिसरं मूल हवं होतं असं नाही. पण मला कुणी विचारलंच नाही. आज माझी सत्तेचाळिशी आली तरी ती सल जात नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी रिंगची गोष्ट सांगितली. बायकांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. मग कोपऱ्यात बसलेल्या, एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या एकीनं हळूच विचारलं, हे नवऱ्याला कळतं का हो ताई? हसणं एकदम थांबलं. त्या एका प्रश्नात तिचं सगळं घर दिसलं मला.

हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या चाळींत राहणाऱ्या बायकांचाही हाच प्रश्न होता. आणि तो ऐकून जिनं पुढची पन्नास वर्षं चैन घेतलं नाही, त्या मार्गारेट सँगरची गोष्ट आज सांगते.

मार्गारेटचा जन्म १४ सप्टेंबर १८७९चा, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग या काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातला. वडील मायकेल हिगिन्स थडग्यांवरचे दगड घडवायचे. माणूस बुद्धिवादी, वादविवादात रमणारा, पण घरात पैसा टिकायचा नाही. आई ॲन हिला अठरा वेळा दिवस गेले. अकरा मुलं जगली. मार्गारेट त्यातली सहावी. आईला क्षयाचा खोकला होता आणि तशा अंगानं ती एकामागून एक बाळंतपणं सोसत होती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १८९९ साली, ती गेली. आपल्याकडे एखाद्या घरातली बाई अशी गेली की आपण नशीब म्हणतो. मार्गारेटनं नशीब म्हटलं नाही. आईचं आयुष्य त्या बाळंतपणांनी खाल्लं, हे तिच्या मनात कायमचं बसलं.

मोठ्या बहिणींनी पैसे घालून तिला शिकवलं. पुढे तिनं नर्सिंगचं शिक्षण घेतलं. १९०२ साली विल्यम सँगर या वास्तुविशारदाशी लग्न झालं. दोन मुलगे, एक मुलगी. शहराबाहेर छान घर बांधलं. पण १९१०च्या सुमारास हे कुटुंब न्यूयॉर्क शहरात राहायला आलं आणि मार्गारेट घरोघरी जाऊन बाळंतपणं करणारी नर्स झाली.

तिच्या वाट्याला आला शहराचा पूर्वेकडचा गरीब भाग. युरोपातून पोट भरायला आलेली माणसं तिथे दाटीवाटीनं राहायची. एका खोलीत सात-आठ जण. तिथल्या बायका तिला जिन्यात गाठून एकच गोष्ट विचारायच्या. श्रीमंतांच्या बायकांना जे ठाऊक आहे ते आम्हालाही सांगा ना! उत्तर मिळालं नाही की त्या मूल पाडण्यासाठी नाही नाही ते उपाय करायच्या. काही वाचायच्या, काही नाही.

सेडी सॅक्स नावाच्या बाईची गोष्ट मार्गारेट जन्मभर सांगत असे. १९१२चा उन्हाळा. तीन मुलांची आई, स्वतःच गर्भ पाडायला गेली आणि विष भिनलं. मार्गारेटनं तीन आठवडे शुश्रूषा करून तिला वाचवलं. डॉक्टर निघताना सेडीनं विचारलं, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू? डॉक्टरांनी हसून सांगितलं, नवऱ्याला गच्चीवर झोपायला पाठव. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी सेडी वाचली नाही. अभ्यासकांचं म्हणणं असं, की ही एकाच बाईची गोष्ट नसावी, अनेकींच्या हकिगती मिळून ती झाली असावी. असेलही. आपल्या प्रत्येकीच्या माहितीत एक तरी सेडी आहे, म्हणून मला ती खोटी वाटत नाही.

माहिती द्यायला अडचण काय होती? कायदा! १८७३च्या कॉमस्टॉक कायद्यानं गर्भनिरोधनाची साधनं आणि त्याबद्दलचा मजकूर दोन्ही अश्लील ठरवले होते. टपालानं पाठवणं हा गुन्हा. नर्सनं बाईला साधी माहिती दिली तरी गजाआड. मार्गारेटनं १९१४ साली बंडखोर स्त्री अशा अर्थाच्या नावाचं एक मासिक काढलं. संततिनियमनासाठी इंग्रजीत जो बर्थ कंट्रोल हा शब्द रूढ झाला, तो याच मासिकातून. खटला उभा राहिला. शिक्षा मोठी होण्याची भीती होती. नवरा आणि तीन लेकरं मागे ठेवून, खोटं नाव घेऊन, ती बोटीनं इंग्लंडला निघून गेली.

या वर्षभरात तिनं जे मिळवलं त्यानं पुढचं सगळं बदललं. १९१५ साली ती हॉलंडला गेली. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालणारी संततिनियमनाची केंद्रं होती. हेग शहरात डॉ. रुटगर्स यांच्याकडे ती डायफ्रॅम बसवायला शिकली. डायफ्रॅम म्हणजे कडेला स्प्रिंग असलेली रबराची उथळ वाटी. बाईनं ती स्वतःच आत बसवायची, गर्भाशयाचं तोंड झाकलं जातं. प्रत्येकीचं माप वेगळं, म्हणून तपासून माप घ्यावं लागतं आणि बसवायला शिकवावं लागतं. इथे मार्गारेटला कळून चुकलं, की नुसती पत्रकं वाटून काम होणार नाही. दवाखाना हवा, शिकलेल्या नर्स हव्यात. आणि आणखी एक गोष्ट तिच्या मनात पक्की झाली. साधन असं हवं की ते बाईच्या हातात असेल. नवऱ्याच्या मर्जीवर, त्याच्या शुद्धीवर ते अवलंबून नको.

पण याची किंमत? ऑक्टोबर १९१५मध्ये ती परतली. दरम्यान तिची पत्रिका दुसऱ्याच्या हाती दिल्याबद्दल विल्यमनं तीस दिवस तुरुंग भोगला होता. आणि ती आल्यावर काही आठवड्यांतच तिची पाच वर्षांची पेगी न्यूमोनियानं गेली. वर्षभर आईपासून दूर राहिलेली पोर! हे वाचताना माझा हात थांबला होता. समाजसेवेला निघताना आपलं मूल तापानं फणफणलेलं असलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. मार्गारेटनं हे दुःख आयुष्यभर उरात ठेवलं. लोकांच्या सहानुभूतीमुळे सरकारनं खटला मागे घेतला. विल्यमशी मात्र संसार जुळला नाही, पुढे घटस्फोट झाला.

१६ ऑक्टोबर १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, ब्राऊन्सव्हिल वस्तीत, एका साध्या दुकानवजा जागेत अमेरिकेतलं पहिलं संततिनियमन केंद्र उघडलं. मार्गारेट, तिची बहीण एथेल बर्न, तीही नर्सच, आणि भाषांतरासाठी फॅनिया मिंडेल. बस्स, तिघीजणी. पत्रकं इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत छापली. फी दहा सेंट. पहिल्याच दिवशी सकाळी बायकांची रांग लागली, कडेवर पोरं, हातात बाबागाड्या. दहा दिवसांत चारशेहून अधिक जणी येऊन गेल्या. मग पोलीस आले.

एथेलला तीस दिवसांची शिक्षा झाली. तिनं तुरुंगात अन्नपाणी सोडलं. जबरदस्तीनं नळीतून अन्न घालावं लागलं आणि मरणाच्या दारातून तिला बाहेर काढलं. नंतर मार्गारेटनंही तीस दिवस काढले. पुन्हा असं करणार नाही एवढं लिहून दिलं असतं तर ती सुटली असती. तिनं दिलं नाही. या झगड्याचं फळ १९१८मध्ये मिळालं. डॉक्टर आजार टाळण्यासाठी असा सल्ला देऊ शकतात, असा निकाल राज्याच्या वरच्या न्यायालयानं दिला. दार किलकिलं झालं.

पुढची गंमत ऐका. साधनं अमेरिकेत आणणं बेकायदाच होतं. १९२२ साली मार्गारेटनं नोआ स्ली या तेलाच्या व्यापाऱ्याशी दुसरं लग्न केलं. त्यानं काय करावं? आपल्या तेलाच्या पिंपांतून, कॅनडामार्गे, डायफ्रॅम आणले! कॅथरिन मॅकॉर्मिक या श्रीमंत, विज्ञान शिकलेल्या मैत्रिणीनं युरोपातून आणलेले डायफ्रॅम नव्या झग्यांच्या अस्तरात शिवून घेतले आणि पेट्याच्या पेट्या बंदरातून पार केल्या. बायकांचं शिवणकाम असंही कामी येतं. शेवटी १९३६ साली, जपानहून आलेल्या एका पार्सलावरून झालेल्या खटल्यात, डॉक्टरांना ही साधनं मागवता येतील असा निकाल लागला.

याच सुमारास मार्गारेट आपल्याकडे आली होती. १९३५च्या डिसेंबरात ती वर्ध्याला जाऊन महात्मा गांधींना भेटली. मूल नको असेल तर पती-पत्नींनी संयम पाळावा, साधनं नकोत, असं गांधीजींचं ठाम मत. बाईनं नवऱ्याला ठामपणे नकार द्यायला शिकावं, असं ते सांगत. मार्गारेटचं म्हणणं, की ज्या घरात नकार ऐकलाच जात नाही त्या घरातल्या बाईनं काय करायचं? दोघांनी एकमेकांचा मान राखला, पण एकमत झालं नाही. तिथून ती त्रिवेंद्रमला अखिल भारतीय महिला परिषदेत बोलायला गेली. आपल्या महाराष्ट्राला हा विषय काही नवा नव्हता. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ सालीच असं केंद्र काढून समाजाचा रोष आणि कोर्टाचे दंड झेलले होते.

मार्गारेट पुन्हा आली ती १९५२च्या नोव्हेंबरात, मुंबईला. त्र्याहत्तर वर्षांची, हृदयविकारानं थकलेली. या परिषदेत आंतरराष्ट्रीय कुटुंब नियोजन महासंघ स्थापन झाला, आणि मार्गारेट व आपल्या धन्वंती रामा राव या दोघी त्याच्या मानद अध्यक्ष झाल्या.

पण तिचं समाधान झालं नव्हतं. डायफ्रॅमला माप लागतं, खासगी जागा लागते, पाणी लागतं. एका खोलीत आठ माणसं राहतात तिथे हे कसं जमायचं? ॲस्पिरिनसारखी गिळता येईल अशी स्वस्त गोळी का निघू नये, हा ध्यास तिनं घेतला. सत्तरी ओलांडल्यावर ती ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाला भेटली. १९५३च्या जूनमध्ये कॅथरिनला घेऊन त्याच्या प्रयोगशाळेत गेली. सरकारनं नाही, मोठ्या कंपनीनं नाही, तर या विधवा मैत्रिणीनं या संशोधनाचा बहुतेक भार उचलला. दोन म्हाताऱ्या बायकांच्या हट्टातून गोळी निघाली म्हणा ना! १९६० साली अमेरिकेत तिला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली. १९६५मध्ये विवाहित जोडप्यांना साधनं वापरण्याचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला. ६ सप्टेंबर १९६६ रोजी, ॲरिझोनातल्या टूसॉन गावी, मार्गारेटनं डोळे मिटले.

इथे थांबले तर गोष्ट गोड होईल, पण अर्धीच राहील. मार्गारेटची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या काळी सुप्रजननवादाचं वारं होतं. कुणाची प्रजा चांगली, कुणाची वाईट हे काही शहाण्या माणसांनी ठरवायचं. मार्गारेट या विचारात सामील झाली. मतिमंद ठरवलेल्यांची नसबंदी करावी, असं तिनं उघडपणे लिहिलं. गोळीच्या १९५६च्या चाचण्या पोर्तो रिको बेटावरच्या गरीब बायकांवर झाल्या. हा प्रयोग आहे हे त्यांना नीट सांगितलं नव्हतं. तेव्हाच्या गोळीत संप्रेरकांचं प्रमाण आजच्या कित्येक पट होतं. मळमळ, चक्कर, डोकेदुखी यांच्या तक्रारी बाजूला सारल्या गेल्या. न्यूयॉर्कमधल्या एका केंद्रावरचं मार्गारेटचं नाव २०२० साली काढायचं ठरलं, ते तिच्या या विचारांमुळेच.

जिनं बाईच्या हातात चावी असावी म्हणून तुरुंग भोगला, तिलाच काही बायकांच्या हातात ती नको वाटली! आणीबाणीत आपल्याकडे जबरदस्तीच्या नसबंद्या झाल्या, तेव्हा याच विचाराचा दुसरा अवतार आपण पाहिला. मूल होऊ न देण्याची सक्ती आणि मूल होऊ देण्याची सक्ती, दोन्हींत बाईला विचारलेलं नसतं. व्हरांड्यातला तो कागद मला पुन्हा आठवला.

आता रिंगकडे येते. गंमत बघा, मार्गारेटनं आयुष्यात दोन गोष्टींमागे धाव घेतली. आधी बाईनं स्वतः आत बसवायचा डायफ्रॅम, मग संप्रेरकांची गोळी. रिंगमध्ये या दोन्ही वाटा एकत्र आल्या. अमेरिकेत तिला २००१ साली मान्यता मिळाली, तेव्हा मार्गारेटला जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. रिंगला माप लागत नाही. ती कुठेतरी पोटात हरवेल ही भीती नको, योनीमार्ग पुढे बंद असतो. मात्र ती गोळीचीच बहीण आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायची नाही. रक्तदाब जास्त आहे, रक्ताची गुठळी झाली होती, स्तनाचा कर्करोग होता, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते, पस्तिशीनंतर सिगारेटची सवय आहे, अशांना ती चालत नाही. बाळंतपण नुकतंच झालेल्या, अंगावर पाजणाऱ्या बाईलाही नाही. क्षयाची रिफाम्पिसिन ही गोळी चालू असेल तर तिचा परिणाम कमी होतो. एड्स किंवा गुप्तरोगांपासून ती वाचवत नाही, त्यासाठी निरोधच हवा. आणि अगदी शंभर टक्के भरवशाची नाही. रोजच्या वापरातल्या चुका धरून, वर्षभरात शंभरातल्या सातेक जणींना दिवस राहू शकतात.

आपल्या सरकारी केंद्रात रिंग मिळत नाही. पण निरोध, माला-एन, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, तांबी हे सगळं फुकट मिळतं. आशाताईंना विचारा. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसलं? देशातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे ३८ टक्के बायकांनी ऑपरेशन करून घेतलेलं, आणि पुरुष नसबंदीचा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही आत. पुरुषाचं ऑपरेशन खरं तर सोपं, पण टेबलावर जाते ती बाईच.

कोपऱ्यातल्या त्या मैत्रिणीला मी उत्तर दिलं. काही जोडप्यांना रिंग जाणवते, बऱ्याच जणांना नाही. वाटल्यास तेवढ्यापुरती काढून तीन तासांच्या आत परत घालता येते. मग तिला म्हटलं, तुझा खरा प्रश्न वेगळा आहे, तो आपण एकटीनं बसून बोलू. दोन दिवसांनी ती आली. तीन मुलं, चौथं नको, घरात सांगायची सोय नाही. मी तिला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी सगळी साधनं टेबलावर मांडली, प्रत्येकाचे फायदे-तोटे सांगितले आणि मग गप्प बसल्या. ती बराच वेळ बघत राहिली. तिनं काय निवडलं ते मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण निवडताना व्हरांड्यात कुणी उभं नव्हतं.

भाची जूनमध्ये परत गेली. फ्रिजमधली ती जागा आता सासूबाईंच्या डोळ्यांच्या थेंबांनी घेतली आहे. परवा भाजी निवडता निवडता त्यांनी सहज विचारलं, त्या पोरीची ती बांगडी आपल्याकडे कधी मिळेल गं? मी चकित होऊन बघत राहिले. सासूबाईंना सात बाळंतपणं झाली, त्यातली चार मुलं जगली. मान वर न करता त्यांनी मेथीची आणखी एक जुडी सोडली.